उजव्या सोंडेची भिशी

आमच्या नाशिकच्या सोसायटीत भिशी आहे. आधी पैशांची होती. ती ज्यांच्यामुळे मोडली ते अजून जिन्यात भेटले की मान फिरवतात. तेव्हापासून पुस्तकांची आहे. बारा घरं, दर महिन्याला एक चिठ्ठी. ज्याचं नाव निघेल त्याने एक पुस्तक आणायचं, ते बाराही घरांतून फिरवायचं आणि महिनाअखेरीस त्याच्याच घरी बसून त्यावर चर्चा करायची. प्रत एकच, म्हणजे दर घराला अडीच दिवस. चर्चेला साबुदाणा वडे.

सात महिने मी सुखात होतो. या काळात मी चार चरित्रं, दोन 'श्रीमंत व्हा' छापाची आणि एक मधुमेहावरचं पुस्तक मुकाट्याने वाचलं, आणि प्रत्येक वेळी 'भाषा ओघवती आहे' असं सांगून दुसरा वडा उचलला. आठव्या महिन्यात माझी चिठ्ठी निघाली.

"सगळ्यांना आवडेल असं आणा हं," असं चौथ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. बायको घरी आल्यावर म्हणाली, "अहो, ते परग्रहावरचं काही आणू नका."

इथेच पंचाईत होती. पाचवीत असताना भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न हाती लागला आणि त्यानंतर पृथ्वीवरच्या कथानकांत माझं मन फारसं रमलंच नाही. नवरा-बायकोचं भांडण पानंपानं चालू असलं की मला वाटतं, आता छतातून काहीतरी उतरावं.

म्हणून मी व्हर्नपासूनच सुरुवात करायचं ठरवलं, आणि आधी अंदाज घ्यावा म्हणून तळमजल्यावरच्या सातपूरवाल्यांना विचारलं. हे सातपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. मी उत्साहाने सांगितलं, १८६५ सालची कादंबरी, नऊशे फुटी तोफ, गोळ्यात बसून तिघे चंद्राकडे निघतात. त्यांनी पार्किंगमध्येच, स्कूटरच्या सीटवर वीजबिल पालथं घालून हिशेब मांडला. नऊशे फुटांच्या नळीत सेकंदाला अकरा किलोमीटरचा वेग गाठायचा तर आतल्या माणसांवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे तेवीस हजार पट जोर येतो.

"पोचतील चंद्राकडे," ते म्हणाले, "पण चटणी होऊन."

मी म्हटलं, व्हर्नला याची कल्पना होती, त्याने खाली पाण्याची गादी घातली होती. "मग पातळ चटणी."

व्हर्नची बाजू सावरायला मी एक चूक केली. एच. जी. वेल्सने गुरुत्वाकर्षण अडवणारा एक धातू कल्पून त्यावर माणसं चंद्रावर पाठवली, तेव्हा व्हर्न चिडला होता; मी निदान तोफ वापरली, यांनी तो धातू दाखवावा, अशी त्याची तक्रार होती, हे सांगून बसलो. "अगदी बरोबर," सातपूरवाले म्हणाले, "ते वेल्सचं तर आणूच नका." एका पार्किंगमध्ये दोन लेखक गेले.

विज्ञान नको तर अद्भुत घ्यावं म्हणून पहिल्या मजल्यावरच्या मावशींकडे गेलो. त्यांचं माहेर पंचवटीतलं, सीता गुंफेपासून हाकेच्या अंतरावर. त्यांना मी टोल्किनचा 'हॉबिट' समजावून सांगितला. बुटका, केसाळ पायांचा, अंगठी घातली की दिसेनासा होतो, डोंगराखाली सोन्यावर बसलेल्या ड्रॅगनकडे जातो.

"ड्रॅगन बोलतो का?"

"बोलतो की. चांगला शब्दांत पकडतो."

"मग आपला नागच तो. खजिन्यावर बसलेला." त्या शेंगा सोलत राहिल्या. "अरे, आमच्या पंचवटीत राक्षस सोन्याचं हरीण होऊन आला, शेवटी रामाचा आवाज काढून ओरडला. तुझा तो बुटका नुसता दिसेनासा होतो ना? मग त्यात विशेष ते काय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. ज्या गावाचं नावच शूर्पणखेच्या नाकावरून पडलं असं लोक सांगतात, तिथे अद्भुत विकायला जाणं म्हणजे कोंडाजीच्या दारात चिवड्याची पुडी घेऊन उभं राहणं. आणि विज्ञानाचं म्हणाल तर गुरू ग्रहाला सूर्याभोवती एक फेरी मारायला ११.८६ वर्षं लागतात हे पाठ्यपुस्तकात असतं. नाशकात ते रस्त्यावर दिसतं. गुरू सिंह राशीच्या जवळ येऊ लागला की आमच्याकडे रस्ते खणले जातात, पूल रुंद होतात, घाटांवर फरशा बसतात. कारण काय, तर देवदानवांच्या ओढाताणीत अमृताचा एक थेंब इथे सांडला होता. कुठल्याशा ग्रहाच्या कक्षेवर ज्या शहराचं डांबर ठरतं ते शहर एखाद्या कादंबरीत आलं असतं तर सातपूरवाले म्हणाले असते, काहीतरीच.

तेवढ्यात पुण्याहून भाचा आला. तो फक्त सुरुवातीला नकाशा असलेली पुस्तकं वाचतो. म्हणाला, "मामा, 'गेम ऑफ थ्रोन्स'वाला जॉर्ज मार्टिन आण. पाच भाग आहेत." मी विचारलं, शेवट काय आहे? तर शेवट अजून यायचाय. पाचवा भाग २०११ साली आला, सहाव्याची वाट चालू आहे. म्हणजे मधल्या काळात आमच्याकडे २०१५ चा सिंहस्थ होऊन गेला आणि २०२७ चा तोंडावर आला. अडीच दिवसांच्या बोलीवर हे पुस्तक मी कोणाच्या हातात ठेवणार? शिवाय त्यात माणसं इतकी मरतात की वहिनींनी मध्येच सुतक धरलं असतं.

शेवटी मी नारळीकरांकडे वळलो. या नावाला नाशकात कोणी नाही म्हणू शकत नाही. २०२१ च्या डिसेंबरात चौऱ्याण्णवावं साहित्य संमेलन इथेच भरलं, अध्यक्ष तेच होते. प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत ही हळहळ आमच्या सोसायटीतही होती, संमेलनाला न गेलेल्यांना जरा जास्तच. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला त्यांनी आपली पहिली कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. जयंत विष्णू नारळीकरची आद्याक्षरं उलट्या क्रमाने, ना. वि. ज. इतका मोठा शास्त्रज्ञ, पण बक्षीस नावावर मिळू नये म्हणून नावच उलटं करतो, हे मला फार आवडतं. वाचनालयातून मी त्यांचा कथासंग्रह आणला, आणि सगळ्यांनी निदान 'उजव्या सोंडेचा गणपती' वाचावी असं बजावलं. एक गोलंदाज अचानक डाव्या हाताने गोलंदाजी करून दाणादाण उडवतो, डाव्या सोंडेची मूर्ती उजव्या सोंडेची होते, आणि त्यामागे मोबियसच्या पट्टीसारखी, म्हणजे अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवलेल्या पट्टीसारखी, एक युक्ती असते. त्यातून गेलेली वस्तू आरशातल्यासारखी उलटी होऊन बाहेर पडते. क्रिकेट आहे, गणपती आहे, विज्ञान आहे. मला वाटलं, आता बोलायला जागाच नाही.

महिनाअखेरीस सगळे आमच्याकडे जमले. बायकोने बेत वाढवून मिसळ केली होती, बहुधा माझ्या पुस्तकाची भरपाई म्हणून.

पहिला नंबर प्रेसवाल्या काकांचा. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा तपासण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी छपाईच्या तीन चुका पानांच्या आकड्यांसकट काढल्या होत्या. "आणि उलटं होण्याचं म्हणशील तर प्लेटवर सगळं उलटंच असतं. मी तीस वर्षं उलटं वाचलं. त्यावर गोष्ट लिहितात हे कोणी सांगितलं नाही."

सातपूरवाल्यांची अडचण वेगळी. आपल्या शरीरातली प्रथिनं डाव्या ठेवणीच्या अमिनो आम्लांची असतात. माणूस आरशातल्यासारखा उलटला तर त्याची पचनाची रसायनंही उलटतील, आणि मग नेहमीच्या अन्नातलं बरंचसं त्याला पचणारच नाही. "तो गोलंदाज विकेटी घेता घेता उपाशी मरायचा."

वहिनींनी वाटीत तर्री घेता घेता हात थांबवला. "म्हणजे मिसळ खाल्ली तरी अंगाला लागणार नाही?"

"नाही."

"पावासकट?"

"पाव तर मुळीच नाही."

"कुठे मिळतं हो ते यंत्र?" वहिनींनी मला विचारलं. महिनाभरात माझ्या पुस्तकाबद्दल कोणी इतक्या कळकळीने विचारलं नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाने कथेतलं फक्त क्रिकेट वाचलं होतं आणि असा चेंडू नियमात बसतो का यावर त्याचं आणि त्याच्या वडिलांचं जे जुंपलं ते पापड संपेपर्यंत चाललं. मोबियसची पट्टी समजावून सांगायला मी कागदाची एक कापून, पीळ देऊन, चिकटवून तयार ठेवली होती. तिच्यावर कोणीतरी फरसाणाचा डबा ठेवला.

मावशी मात्र गप्प होत्या. शेवटी मीच विचारलं.

"गोष्ट चांगली आहे," त्या म्हणाल्या. "पण उजव्या सोंडेचा फार कडक असतो. त्याचं सोवळं पाळावं लागतं. आणि या मंडळींनी त्याला यंत्रात घालताना साधी आंघोळ तरी केली होती का? कुठेच लिहिलेलं नाही."

मी म्हटलं, मावशी, तो प्रयोग होता.

"प्रयोग म्हणूनच विचारते. पुस्तक दोन दिवस राहू दे माझ्याकडे."

दोनाचे आठ दिवस झाले. मी आणायला गेलो तेव्हा पुस्तक त्यांच्या देवघरात, ताम्हनाच्या शेजारी, स्वच्छ फडक्यावर होतं. मुखपृष्ठावर हळद-कुंकू, वर एक दूर्वा. "तेवढं डावीकडून उघडू नकोस, कुंकू सांडेल," त्या म्हणाल्या.

वाचनालयाच्या खिडकीशी मी रुमालाने पुसायचा प्रयत्न केला, पण प्लास्टिकच्या कव्हराखाली शिरलेलं कुंकू निघेना. आठ दिवसांचा दंड मुकाट्याने भरला. खिडकीतल्या बाईंनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं, दूर्वा बाजूला काढून ठेवली, आणि मागच्या कपाटांकडे बघत विचारलं, "हे विज्ञानात लावू, की धार्मिकमध्ये?"