मानवी सुरक्षेत बायकांचा विचार ‘नंतर घुसडलेला’ नाही

कोथरूड-कर्वेनगरच्या काही सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: ‘मानवी सुरक्षा म्हणजे सीमा आणि पोलीस, बायकांचा वेगळा विचार त्यात अलीकडे घुसडला.’ हे साफ चूक आहे.

मानवी सुरक्षा, म्हणजे माणसाच्या रोजच्या जगण्याची सुरक्षितता, ही संकल्पना जगापुढे ठळकपणे आली ती संयुक्त राष्ट्रांच्या १९९४च्या मानव विकास अहवालातून. त्यामागे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक होते. रोजगार, अन्न, आरोग्य, पर्यावरण, व्यक्ती, समुदाय आणि राजकीय हक्क अशी सुरक्षेची सात अंगं त्यात मांडली आहेत. कुठल्याही समाजात स्त्रिया सुरक्षित नाहीत, हेही त्याच अहवालात स्पष्ट म्हटलंय. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा स्त्रियांविषयीचा ठराव १३२५ सुद्धा त्यानंतरचा, ऑक्टोबर २०००चा. तो युद्ध आणि शांतताप्रक्रियेतल्या स्त्रियांबद्दल आहे.

‘चौकात कॅमेरे लावले की झालं’ हा त्याच मजकुरातला दुसरा दावा मला जास्त खटकतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत स्त्रियांवरच्या गुन्ह्यांत वर्षानुवर्षं सर्वांत मोठा वाटा नवरा आणि सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचा आहे. उंबऱ्याच्या आत कॅमेरा पोचत नाही. तिथे २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा लागू होतो आणि मदतीसाठी १८१ हा क्रमांक आहे.