तीन लाखांना टेकलेला कॅमेरा

मागच्या महिन्यात मी निकॉन डी३ घेतला. हे मॉडेल २००७ मध्ये आलेलं. जुना तर आहेच, पण मुख्य म्हणजे भरपूर राबवलेला. शटर काउंट, म्हणजे फोटो काढताना उघडझाप करणारा शटरचा पडदा आजवर किती वेळा चालला तो आकडा, २,८७,०००! आकडा ऐकून एका मित्राने कपाळाला हात लावला. या मॉडेलचं शटर ३,००,००० क्लिकसाठी तपासलेलं, म्हणजे राहिले १३,०००. "शेवटच्या घटका मोजणारा कॅमेरा घेतलास," म्हणाला.

मला हा हिशेब पटत नाही. तीन लाख म्हणजे काही औषधाच्या बाटलीवरची तारीख नव्हे. एखादं शटर त्याच्या बरंच आधी जातं, एखादं त्यापुढेही बिनतक्रार चालत राहतं. शिवाय, डी३ सेकंदाला ९ फोटो काढतो. बटणावरून बोट उचललंच नाही, तर तीन लाख क्लिक सव्वानऊ तासांत संपतील. कॅननचा १डी एक्स घ्या. सेकंदाला १२ फोटो, शटर ४,००,००० साठी तपासलेलं. भागाकार करा, तिथेही सव्वानऊ तासच! खेळाचे फोटो काढणाऱ्याच्या हातात लाखांचे आकडे असे झरझर चढतात. आणि मध्ये कधी शटर बदललं असेल, तर तेही नुसत्या आकड्यावरून कळत नाही.

याआधी मी एक दुसरा कॅमेरा पाहिला होता. काउंट जेमतेम ११,०००. खोकं, कागदपत्रं, न उघडलेला पट्टा, सगळं जागच्या जागी. मालकाने हौसेने घेतला आणि बॅगेत घालून कपाटात ठेवला, तो वर्षानुवर्षं तिथेच. हातात घेतला तर ग्रिपचं रबर बोटांना चिकटायला लागलं. व्ह्यूफाइंडरमध्ये बुरशीचे बारीक धागे. बॅटरी चार्जच होईना. "अहो, वापरलाच नाही हो मी," असं तो सारखं सांगत होता. अडचण तीच होती.

डी३ ज्यांच्याकडून घेतला ते काका वृत्तपत्रांसाठी फोटो काढायचे, आता निवृत्त आहेत. कॅमेऱ्याच्या कडांवरचा काळा रंग उडून खालचं मॅग्नेशियम चांदीसारखं दिसतं. हॉट शूच्या, म्हणजे वर फ्लॅश बसवायच्या खाचेच्या, दोन्ही पट्ट्या घासून उघड्या पडल्यात, म्हणजे फ्लॅश सतत चढत-उतरत होता. डावी बाजू जास्त झिजलेली. का, विचारलं तर म्हणाले, "दुसरा कॅमेरा खांद्याला असायचा, चालताना दोघं एकमेकांना घासायचे." ही झीज मला चालते. मी शोधत होतो ते वेगळंच. कोपऱ्यावर खोक आहे का, म्हणजे कॅमेरा पडलाय का. स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे आहेत का, म्हणजे कोणी घरी उघडून बसलं होतं का. लेन्स माउंटची, म्हणजे लेन्स जिथे बसते ती, कडी सगळीकडे सपाट आहे का. रंग उडणं म्हणजे वापर, खोक म्हणजे अपघात. विकत घेणारे बहुतेक जण रंग बघून नाक मुरडतात आणि खोक बघायची विसरतात.

मग रीतसर तपासणी. एफ/१६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, पांढऱ्या भिंतीचा फोटो, सेन्सरवरची धूळ बघायला. धुळीचे चार ठिपके दिसले, ते पुसता येतात. १/८००० सेकंदावर त्याच भिंतीचे डझनभर फोटो, कारण थकलेलं शटर आधी तिथे चुगली करतं. फोटोच्या एका कडेला काळपट पट्टा आला की समजायचं. आला नाही. मेनूत बॅटरीचं वय ० (नवी) ते ४ (बदलायला झालेली) असं दिसतं, हिचं २ होतं. कार्डाच्या स्लॉटमध्ये टॉर्च मारून पिना बघितल्या. काका हसून म्हणाले, "कार्ड कधी तिरकं घुसवू नकोस. एक पिन वाकली की बसशील कपाळ बडवत."

आता दुसरी बाजू. लेन्स न लावताच सव्वा किलोच्या आसपास वजन, वर बॅटरी. १२.१ मेगापिक्सेल, म्हणजे ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) साधारण १४ बाय साडेनऊ इंचांचा प्रिंट. माझी गरज तेवढीच आहे. भिंतभर छापणाऱ्याने किंवा फोटो कापून वापरणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये. व्हिडिओ नाहीच. शटर गेलं तर बदलता येतं, पण इतक्या जुन्या मॉडेलचे सुटे भाग शोधत फिरावं लागतं. म्हणूनच, ते उद्या गेलं तरी झोप उडणार नाही एवढेच पैसे मी मोजले. ज्याचं पोट फोटोंवर आहे आणि हाताशी दुसरा कॅमेरा नाही, त्याला मी हा घे म्हणणार नाही.

व्यवहार झाल्यावर काकांनी जुना, मळकट पट्टा सोडवून घेतला. "हा देत नाही. मानेला सवय झालीय."

काल काउंट पाहिला. २,९१,००० ओलांडलाय. त्यातले ठेवण्यासारखे किती, ते मात्र विचारू नका.