इस्राएल आळी आणि दहावा माणूस

गेल्या रविवारची गोष्ट. अलिबागच्या इस्राएल आळीत सिनेगॉगसमोर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरासमोर, रोरो बोटीनं आलेली एक टोळी उभी होती. टोप्या, गॉगल, एकाच्या हातात सेल्फी स्टिक. त्यातल्या एका ताईंनी मला स्थानिक समजून (बरोबरच समजल्या, हातात मासळीची पिशवी होती) विचारलं, "काका, ह्या लोकांना आपणच आसरा दिला ना? जगात सगळीकडे छळ झाला, फक्त आपल्याकडे नाही." मी "हो हो" म्हणून सटकलो. पण घरी येईपर्यंत तो "आसरा" शब्द माशीसारखा डोक्यात घोंगावत होता. म्हणून हे लिहितोय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आसरा पाहुण्याला देतात. आणि दोन हजार वर्षांचा पाहुणा ही काय भानगड आहे?

नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथंच पुरलं, ही बेने इस्राएल, म्हणजे आमच्या कोकणातल्या मराठी ज्यू समाजाची स्वतःची कहाणी. पुरावा मागू नका, आपल्या अर्ध्या कुळकथांनाही तो नाही. पण पुढचं सगळं डोळ्यांसमोर आहे. कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्याच्या गावागावांत त्यांचे तेलाचे घाणे होते. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव ठेवलं शनवार तेली. आडनावं बघा: आवासकर, चेऊलकर, रोहेकर, पेणकर. आंग्र्यांच्या आरमारातही ही माणसं होती. कामा रुग्णालयाच्या प्रमुख राहिलेल्या, १९६६ मध्ये पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या आडनावात आमचं झिराड गाव आहे. आता ह्यात कुणी कुणाला आसरा दिला, ते ताईंनीच सांगावं.

बरं, सिनेगॉग. हे 'मागेन अबोथ', म्हणजे पूर्वजांची ढाल. स्थापना १८४८ ची, आत्ताची इमारत १९१० ची. त्याआधी प्रार्थना घरोघरी व्हायची आणि लग्न-सुंतेचे विधी करायला फिरते काजी असायचे. हो, काजीच म्हणायचे. ह्या समाजाचा शब्दसंग्रह ऐकला की आजकालच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपांना घाम फुटेल. प्रार्थनाघराला त्यांचा जुना शब्द 'मशीद'. कंपनीच्या फौजेत कमांडंट असलेल्या सामुएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. टिपूच्या कैदेतून सुटलो तर देवाचं घर बांधीन, असा नवस होता म्हणतात. ती 'जुनी मशीद'. मशीद बंदर स्टेशनाच्या नावातली मशीद ती हीच, असं समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. उलट पुण्यात डेव्हिड ससूननं बांधायला घेतलेलं, १८६७ मध्ये पुरं झालेलं लाल विटांचं सिनेगॉग पुणेकरांच्या तोंडी 'लाल देऊळ'. एकाच धर्माचं घर, मुंबईत मशीद, पुण्यात देऊळ, आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

आत गेलात तर मधोमध लाकडी कठड्याचा चौथरा दिसेल, तो तेबा. हजान तिथं उभा राहून प्रार्थना म्हणतो. पश्चिमेच्या भिंतीत हेखाल, म्हणजे पवित्र कपाट, पडद्याआड सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी. पश्चिमेला, कारण जेरुसलेम तिकडे. कारभार पाहणाऱ्यांची नावं मात्र थेट आपल्या गावकीतली: मुकादम, चौगुले. भांडणं मिटवणं, सोयरीक ठरवणं, गरिबाच्या मयताचा खर्च उचलणं, हे सगळं ह्यांच्याकडे. पोथी आणि गावपंचायत एकाच छपराखाली. सहलीवाले वास्तुशैलीचे फोटो काढतात, काढू देत. पण जुन्या कागदांत मुकादमानं किती तंटे सोडवले ते कुणी शोधलं तर मी त्याला जेवायला घालीन.

आता माझ्या आवडीचा भाग, सण. हिब्रू नावं नंतर आली. कोचीनचे शिक्षक आले, स्कॉटिश मिशनरी आले. जॉन विल्सननं १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरणच छापलं. व्याकरण शिकले, धर्म काही बदलला नाही. त्याआधीची सणांची नावं ऐका. वर्षारंभ तो नव्याचा सण. प्रायश्चित्ताचा उपास तो दारफाळणीचा सण, कारण त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं, आणि दुसऱ्या दिवशी दारं उघडून शेजारीपाजारी भेटायला जायचं, तो शिळा सण. पुरीम आपल्या शिमग्याच्या सुमाराला येतो, म्हणून होळीचा सण. आणि जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाचा दिवस, तो बिरड्याचा सण! जगातल्या यच्चयावत ज्यूंनी त्या मंदिरासाठी अश्रू ढाळले असतील, पण त्या दुखवट्यात वालाचं बिरडं खाणारी माणसं फक्त आमच्याकडची. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या सचित्र हग्गादात (वल्हांडण सणाच्या पोथीत) मात्सा, म्हणजे बिनखमिराची भाकरी, करणाऱ्या बायका चक्क लुगड्यात आहेत.

नव्याच्या सणाला शेजारच्या मावशी चिकाचा हलवा करायच्या. गव्हाचा चीक, नारळाचं दूध, साखर. दूध नारळाचंच, कारण मटणासोबत गाईम्हशीचं दूध चालत नाही. तो हलवा दोन-दोन तास घोटावा लागतो, हात थांबला की तळाला लागलाच. आईची पाळी यायची, मग माझीही. ताटात थापला की वर बदामाचे काप, आणि वड्या पाडल्यावर पहिली कडेची, वाकडी वडी घोटणाऱ्याला. नवस फेडायचा असला की मलिदा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं. एलियाहू हन्नाबी ह्या ज्यूंच्या प्रेषिताच्या नावानं. वाइनच्या जागी काळ्या मनुकांचं सरबत. लहानपणी मला वाटायचं हन्नाबी हा आमच्याच आळीतला कुणी संत आहे. तसं फारसं चुकलोही नव्हतो. आमच्या तालुक्यातल्या खंडाळ्याला खडकावर त्याच्या घोड्याच्या टापांच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे, आणि तिथं नवस बोलायला आजही इस्राएलमधून माणसं येतात.

पण फक्त गोडगोड लिहिलं तर मीही त्या ताईंसारखाच. ह्या समाजात गोरा इस्राएल आणि काळा इस्राएल असा भेद होता. आपल्या मातीतली ही घाणही अंगाला लागली. आणि "परत गेले" म्हणतो त्या इस्राएल देशात काय झालं? १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठानं फतवा काढला, बेने इस्राएल माणसाचं लग्न लावण्याआधी त्याची वंशावळ तपासा. जेरुसलेममध्ये ह्या लोकांना धरणं धरावं लागलं. १९६४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेनं ठराव केला, की हे सर्वार्थानं ज्यूच आहेत. म्हणजे इकडे आपण कौतुकानं पाहुणे म्हणणार, तिकडे ते संशयानं कागद मागणार. आपल्या सरकारनंही ज्यूंना राज्यात अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ मध्ये. आसऱ्याच्या गप्पा मारताना हेही ठाऊक असू द्या.

स्वातंत्र्याच्या सुमाराला वीसेक हजारांच्या घरात असलेला हा समाज आज देशात चार-पाच हजार उरलाय. आळीतली बरीच घरं विकली गेली. म्हणून कुणी म्हणतं, सिनेगॉगचं संग्रहालय करा, तिकीट लावा. मला हे पटत नाही. संग्रहालयाला प्रेक्षक लागतात, सिनेगॉगला दहा माणसं. सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष जमलेच पाहिजेत, नऊ चालत नाहीत. गेलेल्या माणसासाठी म्हणायचा कद्दीशही दहांशिवाय होत नाही.

मावशींचे यजमान वारले तेव्हा मी कॉलेजात होतो. संध्याकाळी प्रार्थना होती. आळीतले पाच, पेणहून दोघं, रेवदंड्याहून दोघं. नऊ. दहावा पनवेलहून एसटीनं निघालेला, आणि गाडी वडखळला अडकलेली. सगळे हजानकडे बघतायत, हजान घड्याळाकडे. मावशी दारात पदर तोंडाला लावून. वडील म्हणाले, "मी टोपी घालून उभा राहिलो तर?" हजान इतक्या दुःखात हसला. "अण्णा, तुम्ही दहांत नाही बसत. पण स्टँडवर जाता का?"

वडिलांनी स्कूटर काढली. त्याच टोपीत.