शाळेने अभ्यासक्रम बदलल्यावर आदर्श पालकाने कसे वागावे

शुक्रवारी संध्याकाळी, कार्यालय बंद झाल्यावर शाळेचा मेल आला की ओळखावं, आनंदाची बातमी आहे. परवा आम्हालाही मिळाली. शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांचा आयबी डिप्लोमा (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) बंद, येत्या सत्रापासून त्याच्या जागी ए लेव्हल हा ब्रिटिश पद्धतीचा अभ्यासक्रम. निर्णय म्हणे 'सखोल विचारमंथनातून' झालाय. मंथन कोणी कोणाशी केलं हे विचारू नये. तुमच्याशी केलेलं नाही, एवढं पुरे. अशा मंगल प्रसंगी पालकाने कसं वागावं, याच्या काही सूचना देतोय. जपून ठेवा, तुमच्याही शाळेत उपयोगी पडतील.

सर्वप्रथम आभार माना. मेल पूर्ण वाचायच्या आत. वाचून झाल्यावर जमेलच असं नाही.

मग आपली स्मरणशक्ती थोडी कमी करा. कारण आयबी आणला तेव्हा याच सभागृहात, याच पडद्यावर आपल्याला समजावलं होतं, की ए लेव्हल म्हणजे मुलाला सोळाव्या वर्षी तीन विषयांच्या झापडात कोंबणं. मूल चौफेर घडायचं तर सहा विषय हवेत, ४,००० शब्दांचा एक्स्टेंडेड एसे म्हणजे संशोधनपर निबंध हवा, ज्ञान कशाला म्हणायचं ते तपासणारं थिअरी ऑफ नॉलेज हवं, कला-खेळ-समाजसेवेचं कॅस हवं. आपण माना डोलावल्या. आता त्याच सहा विषयांचा मुलांना ताण होतो, ४,००० शब्द डोईजड होतात, कॅसच्या नोंदी भरण्यात वेळ वाया जातो, आणि तीन विषयांना 'सखोलता' म्हणतात. ए लेव्हल १९५१ पासून आहे, आयबी डिप्लोमा १९६८ पासून. दोन्हींचे गुणदोष जगाला केव्हाचे ठाऊक आहेत. आमच्या शाळेला ते नवे मुख्याध्यापक रुजू झाले की कळतात. या मुख्याध्यापकांचा करार संपेल तेव्हा आणखी काही कळेल.

फी कमी होणार का, असं विचारू नये. अभ्यासक्रम येतात-जातात, फी शाश्वत आहे.

वेबिनारला वेळेवर हजर राहा. तुमचा माइक शाळेने बंद ठेवलेला असेल, चॅटही. त्यामुळे चर्चा अत्यंत सौहार्दपूर्ण वातावरणात पार पडते. शेवटी 'आपल्या मनातले प्रश्न' घेतले जातात. आमच्या मनातला पहिला प्रश्न निघाला, गणवेश बदलणार का? नाही बदलणार. जीव भांड्यात पडला.

आता विषयनिवडीचा फॉर्म. हा शांत डोक्याने भरावा. वरती ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: अमर्याद निवडस्वातंत्र्य. खाली चार रकाने, प्रत्येक रकान्यातून जास्तीत जास्त एक विषय. माझ्या मुलीला भौतिकशास्त्र, गणित आणि अर्थशास्त्र हवंय. भौतिकशास्त्र आणि अर्थशास्त्र एकाच रकान्यात. म्हणजे दोन्ही तास एकाच वेळी, एक घ्या नि दुसरं विसरा. का? तर अर्थशास्त्राच्या बाई आठवड्यातून दोनच दिवस येणार. फॉर्मच्या तळाशी मुंगीच्या आकाराच्या अक्षरांत आणखी एक ओळ आहे, की पुरेसे विद्यार्थी न मिळाल्यास कुठलाही विषय रद्द होऊ शकतो. बरं, फ्रेंच? आयबीला दुसरी भाषा लागतेच, तिथे नव्याने सुरुवात करण्यापेक्षा आतापासून पाया पक्का करा, असं याच शाळेच्या समुपदेशकांनी सांगितलं होतं. म्हणून पोरीने आयजीसीएसईला, म्हणजे त्याआधीच्या दहावीच्या पातळीच्या परीक्षेला, रसायनशास्त्र सोडून फ्रेंच घेतलं. शब्दांचे तक्ते कपाटाच्या दारावर चिकटवून, क्रियापदांची रूपं घोकून घेतलं. नव्या फॉर्मवर फ्रेंच नाहीच. आणि रसायनशास्त्र आहे, पण ते 'आयजीसीएसईला घेतलेल्यांनाच'. समुपदेशकांना फोन केला तर म्हणाले, तुम्ही याकडे संधी म्हणून बघा. कसली संधी? दोन वर्षं तुमच्या सांगण्यावरून मुलीने एक दार बंद केलं आणि तुम्ही दुसरं बाहेरून कडी लावून बंद केलंत, यात संधी नेमकी कुठून आत येणार आहे?

असो. सूचना चालल्या होत्या.

प्रयोगशाळेबद्दल चौकशी टाळा. आयबीत भौतिकशास्त्राच्या मुलांनी केलेला शोधप्रकल्प शाळेतले शिक्षक तपासतात, बाहेरून त्याची पडताळणी होते आणि अंतिम निकालात त्याचं वजन २० टक्के. केंब्रिज परीक्षा मंडळाच्या ए लेव्हलला मात्र प्रयोगशाळेत बसून दोन तासांचा प्रात्यक्षिकाचा पेपर द्यावा लागतो. त्यासाठी प्रत्येक मुलाला साहित्य लागतं, हाताला सराव लागतो. साहित्य कधी येणार, असं एका वडिलांनी मेलवर विचारलं. उत्तरात त्यांना नव्या बोधचिन्हाचं चित्र आलं.

आणि प्रेडिक्टेड ग्रेडचा विषय तर काढूच नका. परदेशी विद्यापीठांचे अर्ज निकालाच्या कितीतरी आधी जातात. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक वैद्यकीय अभ्यासक्रमांसाठी ऑक्टोबरच्या मध्यातच. त्या अर्जात शिक्षकांनी वर्तवलेली श्रेणी जाते. श्रेणी वर्तवायला आधीच्या तुकड्यांचे निकाल हाताशी लागतात, अमुक दर्जाच्या कामाला शेवटी काय मिळतं याचा अंदाज लागतो. आमच्या शाळेत आधीची तुकडीच नाही. आमची मुलं पहिली. शिक्षकही तेच, कालपर्यंत आयबीचे ४५ पैकी गुण मोजणारे, उद्यापासून ए लेव्हलच्या सर्वोच्च श्रेणीचे ए स्टार मोजणार. त्यांचं प्रशिक्षण? 'सुट्टीत ऑनलाइन'. माझा त्या शिक्षकांवर अजिबात राग नाही, त्यांनाही हा मेल त्याच शुक्रवारी मिळाला.

ए लेव्हल वाईट आहे असं मी म्हणतच नाही. ज्या मुलाला काय शिकायचं ते ठरलेलं आहे, त्याच्यासाठी ते आयबीपेक्षा बरंसुद्धा असेल. बदला ना, खुशाल बदला! पण आयजीसीएसईचे विषय निवडायच्या आधी सांगा. आज जी मुलं तुमच्या भरवशावर त्या वाटेला लागली आहेत त्यांना आयबी पूर्ण करू द्या, आणि नवं नव्या तुकडीपासून सुरू करा. दोन वर्षं दोन्ही चालवायला खर्च येतो, म्हणून ते होत नाहीये. तेवढंच कारण आहे. मग तसं सांगा, 'जागतिक दृष्टिकोन' कशाला मध्ये आणता? मुलांना थिअरी ऑफ नॉलेजमध्ये तुम्हीच शिकवायचात ना, की दावा केला की पुरावा मागायचा? मागतोय. द्या.

आणि पालकांच्या ग्रुपवरच्या मंडळींनो, तुमच्याशीही बोलायचंय. मेल आल्यावर पाच मिनिटांत हात जोडलेली चिन्हं आणि टाळ्या पाठवणारे तुम्हीच. रात्री वेगळा फोन करून 'फार वाईट झालं हो' म्हणणारेही तुम्हीच. उघड बोललं तर पोराच्या शिफारसपत्रावर परिणाम होईल, ही भीती मला कळते, मलाही आहे. पण ही भीती आपल्याला आहे हे शाळेला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच मेल शुक्रवारी संध्याकाळी येतो. एकेकट्याने गेलं की समुपदेशकाकडे धाडतात. मी तीन मुद्दे लिहिलेत: सध्याच्या तुकडीला आयबी, नाहीतर भौतिकशास्त्र-अर्थशास्त्राचे रकाने वेगळे आणि फ्रेंच परत, आणि शिक्षकांचं प्रशिक्षण कधी नि कोणाकडून याचं लेखी उत्तर. कागद ग्रुपवर टाकलाय. टाळ्या नकोत. खाली नाव लिहा.