‘300 रुपयांत मेडिकल’ हा मेसेज पुढे पाठवू नका

पावसाळा लागला की मुंबईत ताप, डेंग्यू, लेप्टोच्या रुग्णांबरोबर एक मेसेजही फिरू लागतो. त्यात म्हटलेलं असतं: कायद्याने प्रत्येक कंपनीला वर्षाला 12 सिक लीव्ह द्याव्याच लागतात. आजारपणाचं सर्टिफिकेट, म्हणजे ‘मेडिकल’, फोनवरून 300 रुपयांत मिळतं, तपासणी लागत नाही. आयुर्वेद-होमिओपॅथीवाल्यांचं चालत नाही. आणि आजाराचं नाव कंपनीला विचारताच येत नाही. यावर विसंबून ‘मेडिकल’ टाकणाऱ्यांचा पगार कापला जातो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

12 सिक लीव्ह आधी. महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला 8 किरकोळ रजा (कॅज्युअल लीव्ह) आहेत आणि 240 दिवस काम भरलेल्याला दर 20 दिवसांमागे एक पगारी रजा आहे. आजारपणाची वेगळी रजा त्यात नाही. ती असलीच तर तुमच्या कंपनीच्या नियमांत किंवा नेमणूकपत्रात सापडेल. कितव्या दिवसापासून सर्टिफिकेट लागतं, हेही तिथेच पाहा.

खरा घात 300 रुपयांच्या मुद्द्यात आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या 2002च्या नियमांनुसार प्रत्येक सर्टिफिकेटची वहीत नोंद ठेवावी लागते. रुग्णाची सही किंवा अंगठा, पत्ता, ओळखीची खूण घ्यायची आणि प्रत जपायची. खोटं सर्टिफिकेट दिलं तर डॉक्टरचं नाव नोंदणीतून काढलं जाऊ शकतं. एचआरने शिक्क्यावरच्या नंबरवर फोन केला आणि तिथे नोंदच नसली, तर खोटा कागद दिल्याची चौकशी तुमच्यावर बसते. पुढे त्याच खात्यात कुणाला खरोखर डेंग्यू झाला तरी त्याच्याकडे संशयानेच पाहिलं जातं, याची मला जास्त चीड येते. मागची तारीखही मागू नका. तपासलं त्या दिवसाचीच तारीख कागदावर पडते, म्हणून अंगात ताप असतानाच दवाखाना गाठा. खासगी फी परवडत नसेल तर पालिकेचा दवाखाना, ‘आपला दवाखाना’ केंद्र किंवा केईएम, सायन, नायर, कूपर या रुग्णालयांची ओपीडी आहे. तिथला केसपेपर, औषधांची चिठ्ठी आणि रक्ताचा रिपोर्ट जपून ठेवा, सर्टिफिकेटला आधार त्यांचाच असतो.

सिक्युरिटी, हाउसकीपिंग, मॉलमध्ये राबणाऱ्यांच्या कामाची गोष्ट तर मेसेजमध्ये नाहीच. महिन्याचा पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि त्यातून ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, वर्गणी कापली जात असेल, तर पुरेसे दिवस वर्गणी भरलेल्याला आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या 70 टक्के रक्कम मिळू शकते. मात्र त्यासाठी दाखला ईएसआयच्या दवाखान्याचा, पॅनेल डॉक्टरचा किंवा कांदिवली, मुलुंड, वरळीसारख्या ईएसआय रुग्णालयाचा घ्या. बाहेरच्या डॉक्टरच्या कागदावर सहसा पैसे अडतात.

बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी) डॉक्टरही आपापल्या परिषदेकडे नोंदलेले असतात. त्यांचं सर्टिफिकेट सरसकट बाद नसतं, कंपनीचा नियम पाहा आणि नोंदणी क्रमांक स्पष्ट लिहून घ्या.

राहिलं आजाराचं नाव. 2002च्या नियमांतल्या रजेच्या नमुन्यात आजारासाठी जागाच ठेवलेली आहे, त्यामुळे कंपनी विचारू शकते. एचआयव्हीचं मात्र वेगळं आहे, 2017च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ती माहिती सांगायची सक्ती कंपनीला करता येत नाही. बाकी आजारांतही ‘हे सर्टिफिकेट तुम्हीच दिलंय का’ एवढं एचआरने डॉक्टरला जरूर विचारावं. तपासणीत काय निघालं, हे रुग्णाच्या संमतीशिवाय डॉक्टरने कंपनीला सांगायचं नसतं.