आंध्रची तूट नुसत्या विशेष दर्जाने भरली नसती

विभाजनानंतरच्या आंध्र प्रदेशवरच्या एका लेखात राज्याच्या सगळ्या आर्थिक दुखण्याचं खापर न मिळालेल्या विशेष दर्जावर (केंद्राकडून जादा मदत मिळवून देणाऱ्या दर्जावर) फोडलं आहे. ते अर्धंच खरं. खरी गोम २०१४ च्या पुनर्रचना कायद्यातल्या वाटणीत आहे. कलम ५० आणि ५६ शेजारी ठेवून वाचा. कराची थकबाकी जिथे आकारणी झाली त्या राज्याची, आणि बहुतेक कंपन्यांची कार्यालयं हैदराबादेत, म्हणजे ती थकबाकी तेलंगणाकडे. जादा वसूल झालेला कर परत करायची वेळ आली, की बोजा मात्र लोकसंख्येनुसार, आंध्रवर ५८.३२ टक्के! १४व्या वित्त आयोगाने २०१५-२० साठी दिलेलं २२,११३ कोटींचं अनुदान महसुली तुटीपुरतं होतं, राजधानी बांधायला नव्हे.

आंध्रच्या नव्या राजधानीबद्दल, अमरावतीबद्दल, लेखात फक्त तिच्यासाठी जमीन देणारे मालक दिसतात. कोरडवाहू एकरामागे त्यांना १००० चौरस यार्ड निवासी व २५० व्यापारी भूखंड आणि सुरुवातीला वर्षाला ३० हजार रुपये ठरले. भूमिहीन मजुरांच्या कुटुंबाला महिना २५०० रुपये. कृष्णाकाठच्या बागायतीत केळी, हळद, भाजीपाला यांमुळे बाराही महिने काम असायचं, बायकांना तर गावातच. शेती थांबली तसं ते गेलं आणि २०१९ नंतर बांधकामही रखडल्याने तिथली मजुरीही मिळेना. भूखंड निदान कागदावर तरी राहिला, मजुराकडे तेवढंही नाही. या माणसांचा हिशेब लेखात यायलाच हवा होता.