सेलमध्ये गेम घ्या आणि पैशात लोळा

पैसे वाचवायचेत ना? मग एफडी, एसआयपी, पोस्टातली आरडी हे बाबा लोकांचे प्रकार सोडा आणि ऑनलाइन सेलमध्ये कॉम्प्युटरचे गेम घ्या. जितके जास्त घ्याल तितके जास्त वाचतात. माझ्या लायब्ररीत 214 गेम आहेत, खेळलेले असतील तीसेक, पण वाचवले किती ते विचारा.

आधी वेळ सांभाळा. स्टीम म्हणजे गेमचं ऑनलाइन दुकान, त्याचा समर सेल जूनच्या शेवटी आपल्याकडे रात्री साडेदहाला उघडतो आणि डिसेंबरातला साडेअकराला, कारण तिकडे अमेरिकेत घड्याळं मागेपुढे करतात. सकाळी बोरिवलीची फास्ट पकडायची असली तरी जागायचं. सेल दोन आठवडे चालतो आणि भाव पहिल्या रात्री जो तोच शेवटच्या दिवशी, पण थांबू नका, डिजिटल गेमचा स्टॉक संपला म्हणजे?

फुकट मिळतंय ते आधी उचला. एपिक हे असंच दुसरं दुकान, ते डिसेंबर 2018 पासून गेम फुकट वाटतायत, आता दर गुरुवारी. 2020 च्या मेमध्ये जीटीए फाइव्ह दिला तेव्हा गर्दीने साईटच आडवी झाली होती, लॉकडाऊनमध्ये अख्खी दुनिया रांगेत. मीपण होतो, गेम घेतला, अजून इन्स्टॉल केलेला नाही. माझी आई दादरच्या सेलमधून साडी आणते तेव्हा मी तिला हसायचो. ती निदान नेसते.

कॉम्प्युटरात जागा कमी पडतेय? लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जा, एक टीबीची एसएसडी, म्हणजे साठवायची डिस्क, घ्या. वाचवलेले पैसे ठेवायला तिजोरी नको का.

एकाच गेमच्या डीलक्स, गोल्ड, अल्टिमेट अशा आवृत्त्या असतात, त्यातलं नेहमी सगळ्यात महागडंच घ्या, त्यात घोड्याला वेगळं खोगीर मिळतं.

आता मुख्य टिप, गेल्या आठवड्यात माझ्यावरच सिद्ध झालेली. कंपनीचं नाव घेत नाही, दुकानाचंही नाही. एक गेम दीड वर्ष माझ्या विशलिस्टमध्ये होता. गेल्या दिवाळीत त्याची एमआरपी 1,999 होती आणि सेलमध्ये 50 टक्के ऑफ, म्हणजे 999. मी म्हटलं हुशारी करू, अजून उतरू दे. या सेलला बघतो तर 60 टक्के ऑफ! हिरवा ठळक पट्टा! क्लिक केल्यावर कळलं की मधल्या काळात एमआरपी 3,499 झालीय आणि 60 टक्के कापून 1,399. डिस्काउंट दहा टक्क्यांनी वाढला आणि गेम चारशेने महाग झाला. असलं डोकं आमच्या नाक्यावरच्या भाजीवाल्यालाही नाही, तो बिचारा फार तर काट्यावर अंगठा ठेवतो. तरी मी घेतला, पट्टा हिरवा होता ना. स्टीमडीबी नावाच्या साईटवर गेमचे जुने भाव सगळे दिसतात, बघायला फुकट, मी बघितले, पैसे भरल्यावर.

मग 118 जीबीचं डाउनलोड, रात्रभर, घरच्यांच्या शिव्या खात, कारण वायफाय मेलेलं. सोमवारी ऑफिसवरून येऊन, जेवून, दहाला बसलो. प्ले दाबलं तर गेम नाही, लाँचर. म्हणजे एका दुकानातून घेतलेला गेम उघडायला दुसऱ्याचं दुकान उघडायचं. अकाउंट बनवा. बनवतो. हा ईमेल आधीच वापरात आहे. असेल, कॉलेजात असताना बनवलं असेल, पासवर्ड कोणाच्या बापाला आठवतोय. रिसेट. कोड मेलवर येईल. कोड दहा मिनिटं चालतो आणि मेल यायला वीस मिनिटं लागतात, हे ज्याने बसवलं त्याचा सत्कार करायला पाहिजे, शाल-नारळ देऊन. तीन फेऱ्या मारल्यावर आत गेलो तर लाँचरचाच अपडेट. मग शेडर कंपाइल होतायत, म्हणजे गेम चित्रांची तयारी करतोय, 38 टक्के, 38 टक्के, 38 टक्के, धाडकन डेस्कटॉप. परत पहिल्यापासून. एक वाजता आई पाणी प्यायला उठली, दारात उभी राहून म्हणाली, "अरे, जिंकलास का?" काय सांगू तिला, आई, अजून मेनू दिसला नाही?

रिफंड मागा म्हणाल. स्टीम काय एपिक काय, नियम तोच, घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि खेळणं 2 तासांच्या आत. मी ज्या दुकानातून घेतला तिथेही तसंच. आणि लाँचर उघडा होता तो सगळा वेळ "खेळलात" मध्ये धरलेला, 2.3 तास. विनंती नामंजूर, फार गोड भाषेत. मी खेळलो कधी रे? मी एका गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसलो होतो!

आणि घेतलं म्हणजे तुमचं झालं असंही नाही, बरं का. स्टीमवर आता पैसे भरताना लिहूनच येतं की मिळतंय ते लायसन्स. युबीसॉफ्ट या गेम कंपनीने 'द क्रू' या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर 31 मार्च 2024 ला बंद केले आणि विकत घेतलेला गेम गेला, एकट्याने खेळायचा म्हटलं तरी नाही.

बास झालं. पुढच्या टिप्स राहू द्या, डोकं फिरलंय. एमआरपी फुगवून डिस्काउंट दाखवता, याला सेल नाही म्हणत, याला फसवणं म्हणतात. पूर्ण पैसे घेतलेत ना, मग गेम उघडायला अजून एक अकाउंट कशाला? आणि आपण पण काही कमी नाही, "सहाशेचा दोनशेला मारला" म्हणून ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकतो आणि वर्षभर तो गेम उघडून बघत नाही, म्हणून तर यांचं फावतं. लाज वाटली पाहिजे मला पण आणि तुम्हाला पण. आणि कंपनीवाल्यांनो, "अभिनंदन, आपण 2,100 रुपये वाचवलेत" असले मेल मला पाठवू नका. मी 1,399 घालवलेत. वजाबाकी जमत नसेल तर चौथीतल्या पोराला विचारा.